फिरवलेले मीटर

सदर : घर-प्रपंच



परवाच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, बायामाणसे उठू लागली. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. बेळंबचा पोरगा. म्हणाला, “मामा, एक जुना टेम्पो बघितलाय. उद्या इसार द्यायचाय. तुमच्या भाच्याचं झालं तसं होऊ नये म्हणून विचारलालो.”

मुरुम काही फार मोठे शहर नाही. एका घरात भांडे पडले की चार घरांत आवाज जातो. माझ्या भाच्याच्या मालरिक्षाची गोष्ट बेळंबपर्यंत गेली यात नवल नाही. पण ती अर्धी खरी आणि अर्धी वाढवून गेली होती. कुणी म्हणे व्यापाऱ्याने सगळे पैसे परत दिले, कुणी म्हणे भाच्यावरच केस झाली. तेव्हा ठरवले की ही गोष्ट आपणच पूर्ण सांगावी. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, विचारले. ती म्हणाली, “लिही की. लाज आपल्याला कशाची? ज्यानं फसवलं त्याला असावी. फक्त त्याचं नाव टाकू नको. त्याच्याबी घरी लेकरं हायेत.” म्हणून नाव टाकत नाही. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरच्या एका गावात त्याचे जुन्या गाड्यांचे दुकान आहे, एवढेच पुरे.

गेल्या वर्षीची गोष्ट. भाचा तीन वर्षे पुण्याला एका कारखान्यात हेल्पर होता. ठेकेदाराने माणसे कमी केली, तो गावी आला. त्याच्या मनात होते की एक तीनचाकी मालरिक्षा घ्यावी. मुरुमच्या बाजारातून आलूर, केसरजवळगा, येणेगूर, दाळिंब अशा गावांना भाजीपाला, किराणा, खताची पोती पोहोचवावीत. स्वतःचा धंदा, स्वतःची गाडी, कुणाची शिवी खायला नको. विचार चांगलाच होता. त्याने पुण्यात साठवलेले ४० हजार काढले. अक्काने महिला बचत गटातून ५० हजार उचलले. राहिलेल्या ३० हजारांसाठी तिने आपली बोरमाळ गहाण ठेवली. ही बोरमाळ आमच्या आईची. असे १ लाख २० हजार रुपये जमा झाले.

दुकानदाराने गाडी धुऊन, रंगवून, सीटला नवे कव्हर घालून उभी केली होती. “एकहाती गाडी आहे. मीटर बघ, ३८ हजार. इंजिनला पाना लागलेला नाही. आज नेणार असशील तर १ लाख २०, उद्या लातूरचा माणूस येणार आहे.” भाच्याने त्याच दिवशी सगळे पैसे रोख मोजून दिले. एक छोटी पावती मिळाली. तिच्या खाली बारीक अक्षरात छापले होते की गाडी पाहून, चालवून, आहे त्या स्थितीत घेतली आहे, नंतर तक्रार चालणार नाही. त्याखाली भाच्याची सही.

आता तुम्ही विचाराल, मामा कुठे होता? मामा गावातच होता. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये २८ वर्षे मेकॅनिक म्हणून काढली. हात काळे करून संसार केला. माझा सख्खा भाचा गाडी घ्यायला जातो आणि मला सांगत नाही! पुढे मी त्याला विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “मामा, मला एकट्यानं करून दाखवायचं हुतं. हार घालून गाडी विहारापुढं आणायची अन् तुम्हाला हाक मारायची, असं मनात हुतं.” आणि खरोखरच त्याने तसे केले. गाडी आली, मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण-पंचशील झाले, पेढे वाटले. मी गाडीभोवती फिरलो. इंजिन सुरू करायला लावणार होतो. पण अक्काच्या तोंडावरचा आनंद बघितला आणि म्हटले, राहू दे, उद्या बघू. माझीही चूक तिथेच झाली.

तिसऱ्या दिवशी भाचा टोमॅटोचे क्रेट आणि कांद्याची पोती घेऊन आलूरच्या वाटेला लागला. चढावर दुसरा गिअर आपोआप सुटला. भरलेली गाडी मागे घसरू लागली. ब्रेक धरला तरी थांबेना. रस्त्याकडेला खुरपणीला चाललेल्या बायकांपैकी एकीने प्रसंग ओळखून चाकामागे दगड सरकवला, म्हणून गाडी थांबली. मागे एका सायकलीवर दोन शाळकरी पोरे होती. पुढचे मी लिहीत नाही. वाचकांनी समजून घ्यावे.

गाडी ओढून आणली. मी इंजिन उघडले नाही. नुसते ऐकले आणि बघितले. सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे इंजिन ऑईल जाळते आहे, रिंग-पिस्टन गेले आहेत. ऑईल काढून बोटांत चोळले तर मधासारखे जाड. झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि धूर दोन-चार दिवस दबावा म्हणून जाड ऑईल भरतात, ही जुनी युक्ती आहे. ब्रेक आणि क्लचच्या पायट्यांचे रबर झिजून गुळगुळीत झालेले. ३८ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे रबर असे होत नाही. आणि सीटखालच्या खणात, कागदांच्या बोळ्यात, एका गॅरेजचे ऑईल बदलल्याचे कार्ड सापडले. त्यावर गाडीचा नंबर, दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि मीटरचा आकडा : १ लाख १२ हजार. मीटर मागे फिरवले होते. मग मोबाईलवर परिवहन खात्याच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून पाहिला. एकहाती म्हणून विकलेली गाडी तिसऱ्या मालकाच्या नावावर होती आणि तिच्यावर एका फायनान्स कंपनीचा बोजा, ज्याला आपण ‘एच.पी.’ म्हणतो, तसाच चढलेला होता. तो उतरल्याशिवाय गाडी भाच्याच्या नावावर होणारच नव्हती.

भाच्याने दुकानदाराला फोन केला. आधी तो म्हणाला, जुनी गाडी म्हणजे जुनीच असणार. मग म्हणाला, सही केलीस ना? मग आवाज गोड करून म्हणाला, “असं कर, गाडी इथं आणून लाव. मी दुसरं गिऱ्हाईक बघतो. पाच-दहा हजार कमी येतील. तू फक्त गिऱ्हाइकापुढं सांग की गाडी चांगली चालते, घरची अडचण आहे म्हणून विकतोय.”

बंधू-भगिनींनो, खरी कसोटी इथे लागली. गटाचा हप्ता डोक्यावर, सोने सावकाराकडे, पोरगा रिकामा. भाचा म्हणाला, “मामा, देऊन टाकू का? पाच-दहा हजारांवर सुटलाव म्हणू.” मी त्या क्षणी गप्प बसलो, हे कबूल करतो. माझ्याही मनात हिशेब चालू झाला होता. चुलीपुढे बसलेली अक्का बोलली. “अन् त्यो दुसरा कोण असंल? आपल्यासारखाच कुणीतरी. त्याच्याबी आईनं सोनं मोडलेलं असंल. चढावर गाडी मागं आली अन् दगड लावायला कुणी नसलं तर? सकाळी पंचशील म्हणायचं अन् सांजच्याला खोटं बोलून गाडी खपवायची, हे माझ्या घरात व्हायचं न्हाई. गाडी दारात सडली तरी चालंल.”

अक्का चौथीपर्यंत शिकलेली. पण त्या रात्री आम्हा दोघा शिकलेल्यांना तिने धम्म शिकवला. भगवान बुद्धांनी उपजीविकेबद्दल सांगताना खोटी तराजू आणि खोटी मापे वापरणे निषिद्ध मानले आहे. मागे फिरवलेले मीटर म्हणजे दुसरे काय? खोटे मापच. आणि ते खोटे माप आपण पुढच्याच्या पदरात टाकले, तर त्या दुकानदारात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

त्याच रात्री मला बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रसंग आठवले. दोन्ही त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले आहेत. १९०१ साली लहानगा भीमराव भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला, मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची, आणि तो शेजारून चालणार! दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. टांगेवाले बाबासाहेबांना घेऊन जायला तयार नव्हते. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. आपल्या माणसांनी साहेबांचा मान राखायचा म्हणून हे केले. पण मान राखण्याच्या भरात जीव धोक्यात घातला, याची खंत बाबासाहेबांच्या लिहिण्यात दिसते.

आपल्या घरात चाक येते, तेव्हा ती नुसती गाडी नसते. ज्यांच्या पूर्वजांना भाड्याच्या गाडीत कुणी बसू देत नव्हते, त्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी राहते. म्हणून आपण हार घालतो, विहारापुढे आणतो. त्यात वावगे काही नाही. पण मान आणि माहिती हातात हात घालून चालली पाहिजे. चाळीसगावचा धडा हाच आहे. भाच्याला एकट्याने करून दाखवायचे होते आणि मला त्याचा हिरमोड करायचा नव्हता. दोघांनीही मान पाहिला, चाक पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. काय केले ते क्रमाने सांगतो, कारण उद्या कुणालाही हे करावे लागेल.

पहिले, गाडी वापरणे बंद केले आणि दुरुस्तीलाही घातली नाही. आधी दुरुस्त केली तर दोष होता हे दाखवणार कशावरून? दुसरे, मी मामा म्हणून माझा शब्द चालणार नाही, म्हणून उमरग्याच्या एका बाहेरच्या गॅरेजवाल्याकडून गाडी तपासून घेतली. दोष कोणते, ते किती जुने दिसतात, खर्च किती येईल, हे त्याच्या सही-शिक्क्याने तारखेसह लिहून घेतले. अंदाज आला ४१ हजारांचा. तिसरे, मीटर, पायट्या, ऑईलचे कार्ड आणि धूर यांचे फोटो काढले. चौथे, दुकानदाराचे फोनवरचे बोलणे तारीखवार वहीत उतरवले. पाचवे, त्याला पत्र लिहिले. साधे, दीड पानाचे, शिवीगाळ नसलेले. अमुक तारखेला गाडी घेतली, तुम्ही हे हे सांगितले, प्रत्यक्षात हे हे निघाले. गाडी परत घेऊन पैसे द्या किंवा दुरुस्तीचा खर्च द्या आणि बोजा उतरवून गाडी नावावर करून द्या. १५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. सोबत सगळ्या झेरॉक्स. हे पत्र स्पीड पोस्टाने, पोहोच मिळेल अशा रीतीने पाठवले. (पूर्वीची रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ साली स्पीड पोस्टातच मिसळली आहे.)

१५ दिवस काही उत्तर नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येते आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. आणि आम्ही तिघे दुकानावर गेलो. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “तुमच्या लोकांना लगेच कायदा सुचतो.”

माझे रक्त तापले. अक्काने माझा हात दाबला आणि शांतपणे म्हणाली, “व्हय मालक, सुचतो. कायद्यानं वागायला आमच्या बापानंच शिकवलंय. तुमच्या बापानं मीटर फिरवायला शिकवलं नसंल, तुम्हीच शिकलाव.” दुकानातला हिशेबनीस खाली बघून हसला. दुकानदार हसायचा थांबला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. जातीवरून कुणी जाहीर अपमान केला तर त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तो जरूर वापरावा. पण गिअरबॉक्सचे भांडण हे गिऱ्हाईक आणि व्यापाऱ्याचे भांडण आहे. एका रागात दोन्ही गोष्टी मिसळल्या की दोन्हींचा जोर जातो. आम्ही त्या दिवशी फक्त गाडीबद्दल बोललो.

मी त्याला एकच प्रश्न विचारला : “जुन्या गाड्या विकण्याचं अधिकारपत्र दाखवता का?” केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचे असते. ते पाच वर्षे चालते. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची खबर मूळ मालकाने कार्यालयाला द्यायची असते आणि मग त्या गाडीची जबाबदारी त्या दुकानदाराची. त्याच्याकडे अधिकारपत्र नव्हते. आम्ही म्हटले, ग्राहक आयोगातल्या तक्रारीची प्रत धाराशिवच्या परिवहन कार्यालयालाही जाईल. तेव्हापासून तो बोलण्यावर आला.

आधी १० हजार म्हणाला. मग २०. शेवटी ठरले ते असे : ३२ हजार रुपये बँकेतून, फायनान्स कंपनीचा ना-हरकत दाखला आणून बोजा स्वखर्चाने उतरवायचा, गाडी भाच्याच्या नावावर करून द्यायची. हे सगळे कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. पैसे आले, महिन्याभरात गाडी नावावर झाली. दुरुस्तीला ४१ हजार लागले. म्हणजे ९ हजार आमच्या अंगावर आले. शिवाय पोरगा ४७ दिवस बिनकामाचा. त्या काळातले गटाचे दोन हप्ते गटातल्या बायकांनी वर्गणी करून भरले. अक्काने ते नंतर फेडले. बोरमाळ अजून सुटायची आहे.

तेव्हा विजय झाला असे मी म्हणत नाही. भाच्याला आयोगात जायचे होते. तो म्हणत होता, पूर्ण पैसे आणि नुकसानभरपाई घेऊ. अक्काला गाडी रस्त्यावर हवी होती. दोघांचेही बरोबर होते. उपाशीपोटी माणूस किती दिवस न्यायाची वाट बघणार, हा प्रश्न पुस्तकातला नाही, चुलीपुढचा आहे. ज्याच्या घरी दुसरी कमाई आहे त्याने मात्र मध्येच सोडू नये.

त्यासाठी आयोगाबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून चालू आहे. तक्रार जिल्हा आयोगात करायची. आपल्या जिल्ह्याचा आयोग धाराशिवला आहे. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी चालते. तक्रार करणारा जिथे राहतो तिथेही आता तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिली आहे; प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, ही तयारी मनात ठेवावी.

कुणी म्हणेल, मालरिक्षा तर धंद्याची, मग आपण ग्राहक कसे? कायद्यातच त्याचे उत्तर आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतूची’ धरत नाहीत. स्वतः चालवणारा रिक्षावाला ग्राहकच आहे. मात्र पाच गाड्या घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्याला ही सवलत मिळणे कठीण. तसेच दुकानदाराऐवजी एखाद्या घरगुती मालकाकडून गाडी घेतली, तर ग्राहक म्हणून दाद मागणे अवघड जाते. तिथे दिवाणी कोर्टाची वाट उरते.

आणि “आहे त्या स्थितीत घेतली” ही छापील ओळ? तिला घाबरून अनेकजण घरी बसतात. दिसणारा दोष, उदाहरणार्थ फुटलेला दिवा किंवा गुळगुळीत टायर, बघून घेतला असेल तर नंतर तक्रार चालत नाही, हे खरे. पण माहीत असलेला दोष मुद्दाम लपवणे याला १८७२ च्या करार कायद्यात कपट म्हटले आहे. कपटाने घेतलेली सही ही ढाल होत नाही. पावतीच न देणे हीसुद्धा २०१९ च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून पावती मागायला लाजू नका.

वकिलाची गरज पडलीच तर पैशावाचून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिथे उत्पन्नाची अट नाही. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले गेले, हे आपल्याला ठाऊक आहेच. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

आता गाडी घेण्याआधीचे. रोग झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा हे स्वस्त.

इंजिन थंड असताना जा. दुकानदाराने आधीच गरम करून ठेवले असेल तर उद्या येतो म्हणा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. इंजिन चालू असताना ऑईल भरायचे झाकण उघडून बघा. तिथून भकाभक धूर आला तर इंजिन उतरले आहे. गाडी रिकामी चालवून उपयोग नाही. चार पोती टाकून चढावर न्या. उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडा, गिअर सुटतो का बघा. मीटरवर विश्वास ठेवू नका. पायट्यांचे रबर, स्टेअरिंगची चाल आणि सीटचा खड्डा खरे किलोमीटर सांगतात. चासीवर वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर कारण विचारा. चासी नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी अक्षर अन् अक्षर जुळवा. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, आणि त्याची मजुरी द्या. फुकट आणलेला माणूस दुकानदाराचा चहा पिऊन गप्प बसतो.

कागद बघताना मालक कितवा, बोजा आहे का, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत, दंडाचे चलन थकले आहे का, हे सगळे गाडीच्या नंबरावरून मोबाईलवर कळते. आपण सीमेवरचे लोक. के.ए.-३२, के.ए.-३८ च्या गाड्या स्वस्त दिसतात. पण तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, इकडचा कर आणि नवा नंबर हा खर्च किमतीत धरला तर स्वस्ताई उरते का, ते आधी पाहा.

सगळे पैसे एकदम देऊ नका. इसार द्या, बाकी बँकेतून द्या, आणि थोडी रक्कम गाडी नावावर होईपर्यंत मागे ठेवा. तोंडी शब्द पावतीवर उतरवून घ्या : मालक कितवा, मीटर खरे, अपघात नाही, इंजिनची हमी इतके दिवस. जो बोलतो पण लिहून देत नाही, त्याचे बोलणे त्याला स्वतःलाच खरे वाटत नाही.

आणि आपण विकणारे असू तरी जपा. गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत, परराज्यात असल्यास ४५ दिवसांत, परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवस. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली असली, तरी अपघाताच्या वेळी कागदोपत्री ज्याच्या नावावर आहे तोच मालक धरला जाईल आणि भरपाई त्याच्यावर येईल. विकून टाकली म्हणून निर्धास्त झोपलेल्या माणसाच्या दारात नोटीस येते ती अशी.

बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की कुणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, आपला गुरू म्हणतो म्हणून मानू नका. स्वतः तपासा आणि मग स्वीकारा. आपण हा उपदेश विहारात ऐकतो आणि बाजारात विसरतो. “आपल्याच समाजाचा माणूस आहे, खोटं कशाला बोलेल” असे म्हणून फसलेले मी पाहिले आहेत. आपला असो की परका, गाडीचे झाकण उघडून बघितल्याने कुणाचा अपमान होत नाही.

बेळंबच्या पोराबरोबर दुसऱ्या दिवशी मी गेलो. भाचाही आला, आता तो माझ्याआधी ऑईलचे झाकण उघडतो. टेम्पो दिसायला देखणा होता. चासी नंबराचे शेवटचे दोन आकडे घासलेले निघाले. मालक म्हणाला, गंजले असतील. भाचा म्हणाला, “मालक, बाकीचे न्हाई गंजले?” आम्ही परत आलो. इसार अजून दिलेला नव्हता, त्यामुळे एस.टी.च्या तिकिटापलीकडे नुकसान झाले नाही. पोरगा वाटेत जरा हिरमुसला होता. मी म्हटले, अजून गाड्या आहेत, बघू.

येताना अक्काच्या घरी चहा झाला. तिने त्या पोराला एकच विचारले, “तुझ्या आईचं सोनं घरात हाय न्हवं?” तो म्हणाला, आहे. ती म्हणाली, “मग झालं तर.”

जयभीम. नमो बुद्धाय.